नवी कॉपी नेमकी कुठे घुसली? जम्पिंग जीन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जम्पिंग जीन्सवर छोटं टिपण आलं होतं, आपल्या जिनोममधे जागा बदलणारे डीएनएचे तुकडे असतात आणि ते टार्गेटेड सिक्वेन्सिंगने (सगळा डीएनए न वाचता निवडलेले तुकडेच वाचून) शोधता येतात एवढंच त्यात होतं. त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे कापलेत, उत्तरं मात्र कापलेली नाहीत.

प्रश्न : आपला जवळपास अर्धा डीएनए जम्पिंग जीन्सचा आहे असं वाचलं. म्हणजे आत्ता या क्षणी माझ्या शरीरात हे सगळे उड्या मारतायत का? (बारावीतली विद्यार्थिनी)

नाही, बहुतेक सगळे कायमचे थंड झालेत. मानवी जिनोमचा साधारण ४५ टक्के भाग अशा तुकड्यांपासून बनलाय हे २००१ साली जिनोमचा पहिला मसुदा आला तेव्हाच दिसलं होतं, पण त्यातले जवळजवळ सगळे लाखो वर्षांत म्युटेशन्स साठून मोडलेत. एल-वन नावाच्या तुकड्याच्या सुमारे ५ लाख कॉपी आपल्यात आहेत, पूर्ण लांबीची एल-वन ६ हजार अक्षरांची (अक्षरं म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी) असते, पण बहुतेक कॉपी पुढच्या बाजूने तुटलेल्या आहेत आणि एका माणसात खरोखर चालू असू शकतील अशा धरल्या तर ८० ते १०० भरतात. अलू हा दुसरा, फक्त ३०० अक्षरांचा, पण १० लाखांच्या वर कॉपी. त्याच्याकडे स्वतःचं काही यंत्र नाही, तो एल-वनची प्रोटिन्स वापरून स्वतःची कॉपी करून घेतो. तिसरा एसव्हीए, त्याच्या कॉपी काही हजारच आहेत पण तोही अजून जागा आहे.

आणि ‘उडी’ म्हटलं की जुनी जागा सोडून नवीन जागी जाणं वाटतं ना, तसं या तिघांत होत नाही. मूळ कॉपी जागेवरच राहते, तिचा आरएनए बनतो, त्या आरएनएवरून परत डीएनए बनून तो दुसरीकडे घुसतो. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी १९४० च्या दशकात मक्यात जे पाहिलं ते खरं जागा सोडून जाणारं होतं (त्यासाठी नोबेल मिळायला १९८३ साल उजाडलं, इतका काळ लोकांनी ते गांभीर्याने घेतलं नव्हतं). माणसात त्या प्रकारचे तुकडे आहेत पण ते सगळे बंद पडलेत.

नवीन अलू घेऊन जन्माला येणारी मुलं अंदाजे दर २० ते ४० जन्मांत एक, असे अंदाज आहेत. बहुतेक वेळा तो कुठेतरी निरुपद्रवी जागी पडतो आणि कोणाला कळतही नाही.

प्रश्न : १० लाख अलू आधीच असताना १० लाख एकावा कुठे आलाय हे सिक्वेन्सिंगमधे कळतं कसं? सगळे सारखेच दिसणार ना? आणि यात ‘टार्गेटेड’ म्हणजे नेमकं काय टार्गेट करतात, कारण टार्गेटेड पॅनेल म्हणजे ठरावीक जीन्स असंच आम्हाला शिकवलंय. (एमएससी, दुसरं वर्ष)

प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. आणि तुमचा गोंधळ बरोबर जागी आहे, कारण इथे ‘टार्गेटेड’चे दोन वेगळे अर्थ चालतात. एक तुम्ही म्हणता तसा, ठरावीक जीन्स पकडायचे आणि त्यात कोणी घुसलंय का बघायचं. दुसरा उलटा, म्हणजे जीन कुठलाही असो, एल-वन किंवा अलूचं टोक पकडायचं आणि त्याच्या शेजारी जो डीएनए आहे तो वाचायचा. आधी दुसरा सांगतो कारण खरी गंमत त्यात आहे.

एकाच आडनावाची लाखो माणसं असली की आडनावावरून घर सापडत नाही, शेजारी कोण आहे ते विचारावं लागतं, अगदी तसंच. अलूच्या आतलं सिक्वेन्स वाचून काही कळत नाही. अलू जिथे संपतो आणि जिनोमचा बाकीचा डीएनए सुरू होतो तो सांधा, जंक्शन म्हणतात त्याला, तो वाचला की शेजारचा भाग जिनोममधे एकाच ठिकाणी बसतो आणि पत्ता मिळतो. रेफरन्स जिनोममधे (तुलनेसाठी वापरतात तो प्रमाण जिनोम) त्या पत्त्यावर अलू नसेल तर ती नॉन-रेफरन्स कॉपी.

पण सगळ्याच अलूंची टोकं पकडली तर सिक्वेन्सिंगचा सगळा पैसा जुन्या मेलेल्या कॉपी वाचण्यातच जाईल. म्हणून फक्त तरुण, अजून हलणाऱ्या गटांना पकडायचं. एल-वनमधे शेवटच्या भागात एका जागी तीन अक्षरं असतात, जुन्या कॉपींमधे जीएजी आणि आजही चालू असलेल्या टीए गटात एसीए. प्राइमर (डीएनएची कॉपी जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) असा डिझाइन करायचा की त्याचं शेवटचं टोक बरोबर त्या एसीए वर येईल, पॉलिमरेजला, म्हणजे कॉपी करणाऱ्या एन्झाइमला, शेवटचं अक्षर जुळल्याशिवाय पुढे जायला जड जातं, म्हणून जुन्या कॉपी बऱ्याचशा आपोआप गळतात. अलूमधे वायबी-८ नावाचा तरुण गट आहे, त्याच्यात शेवटाकडे ७ अक्षरांचा एक ज्यादा तुकडा असतो, तिथे प्राइमर बसवतात. तीन आणि सात अक्षरं, एवढ्या फरकावर अख्खी पद्धत उभी आहे, मला हे दर वेळी सांगताना भारी वाटतं.

प्राइमर एका बाजूला बसला पण दुसऱ्या बाजूला कोणता डीएनए आहे तेच माहीत नाही तर दुसरा प्राइमर कुठून आणायचा? इथे वेगवेगळ्या लॅब्जनी वेगवेगळ्या युक्त्या केल्यात. टिप-सेक नावाच्या पद्धतीत डीएनए ६ वेगवेगळ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइम्सनी वेगवेगळा कापतात (एकाने कापलं तर काही जंक्शन्स फार लांब किंवा फार आखूड तुकड्यात जातात), टोकांना व्हेक्टोरेट नावाचा ॲडॅप्टर जोडतात ज्याच्या मधल्या भागात मुद्दाम न जुळणारं सिक्वेन्स ठेवलेलं असतं, त्यामुळे आधी एल-वनचा प्राइमर तिथपर्यंत कॉपी करत पोचला तरच ॲडॅप्टरच्या प्राइमरला बसायला जागा तयार होते. म्हणजे ज्या तुकड्यात एल-वन नाही तो वाढतच नाही. एमई-स्कॅनमधे डीएनए रँडम तोडतात आणि बायोटिन लावलेल्या प्राइमरने तरुण अलूचे तुकडे मण्यांवर, म्हणजे बीड्सवर, ओढून घेतात. आरसी-सेकमधे पीसीआरऐवजी (पीसीआर म्हणजे दोन प्राइमरमधला तुकडा पुन्हा पुन्हा कॉपी करून वाढवणं) एल-वनच्या टोकांशी जुळणारे प्रोब्ज वापरून तुकडे गाळून घेतात.

आता डेटा आला. स्क्रीनवर खरी नवीन कॉपी कशी दिसते ते सांगतो कारण पुस्तकातल्या चित्रात हे नीट कळत नाही. एखाद्या जागी रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेले तुकडे, सरळ चाललेले असतात आणि एका अक्षरापाशी पोचले की बरेचसे रीड्स एकदम रेफरन्सशी जुळायचं सोडतात, उरलेला न जुळणारा भाग सॉफ्ट-क्लिप होऊन (बाजूला ठेवला जाऊन) रंगीत दिसतो. एका बाजूच्या क्लिप झालेल्या भागात नुसते ए ए ए ए (किंवा उलट्या स्ट्रँडवर टी टी टी टी), ती पॉली-ए शेपटी, आरएनएवरून कॉपी झाल्याची खूण. दुसऱ्या बाजूच्या क्लिपमधे अलू किंवा एल-वनचं सिक्वेन्स. आणि दोन्ही बाजूंच्या तुटण्याच्या जागा एकमेकांवर थोड्या चढलेल्या, साधारण ७ ते २० अक्षरं दोन्हीकडे सारखी. हे टार्गेट साइट डुप्लिकेशन, कारण एल-वनचं एन्झाइम डीएनएच्या दोन धाग्यांवर एकाच जागी कट मारत नाही, थोडं सरकून मारतं, आणि मधला भाग नंतर दोन्हीकडे भरला जातो. कटच्या जागेपाशी टीटीटीटी-ए सारखं सिक्वेन्स सापडलं तर अजून बरं. शेपटी, डुप्लिकेशन, कटची जागा या तीन खुणा एकत्र दिसल्या की मी निश्चिंत होतो, एकच दिसली तर नाही, मग सॉफ्टवेअरने कितीही चांगला स्कोअर देऊ दे.

प्रश्न : नमस्कार. आमच्या मुलाला स्नायूंचा आजार आहे, डॉक्टरांना जेनेटिक वाटतोय, पण एक्झोम टेस्ट निगेटिव्ह आली. तुमचं टिपण वाचून वाटलं की जम्पिंग जीन असेल तर टेस्टमधे सुटू शकतो का? परत सगळं करायचं का? (एक पालक)

नमस्कार. हो, सुटू शकतो. (एक्झोम टेस्ट जीन्सचे फक्त एक्झॉन, म्हणजे मुख्यतः प्रोटिन बनवणारे भाग, वाचते.) पण परत सगळं करायच्या आधी एक गोष्ट विचारा, त्याबद्दल खाली लिहितो.

असे आजार होतात हे आता पक्कं माहीत आहे. १९८८ साली हेग कझाझियन यांच्या गटाने हिमोफिलिया ए च्या (रक्त नीट न गोठण्याचा आजार) २४० असंबंधित पेशंट्समधे फॅक्टर एट जीन तपासला तेव्हा दोघांत त्याच्या १४ व्या एक्झॉनमधे एल-वन घुसलेली सापडली, एकात ३.८ हजार अक्षरांचा तुकडा आणि दुसऱ्यात २.३ हजार. नंतर त्यातल्या एका तुकड्याची मूळ कॉपी २२ व्या क्रोमोसोमवर सापडली, म्हणजे तिथून आरएनए निघाला आणि एक्स क्रोमोसोमवर जाऊन बसला. तुम्ही स्नायूंचं लिहिलंय म्हणून सांगतो, जपानमधे दिसणारी फुकुयामा मस्क्युलर डिस्ट्रॉफी फुकुटिन जीनच्या शेवटच्या, प्रोटिन न बनवणाऱ्या भागात एसव्हीए घुसल्यामुळे होते. पोर्तुगालमधल्या कुटुंबांत बीआरसीए-२ जीनच्या ३ ऱ्या एक्झॉनमधे अलू घुसलेला आढळतो, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला, आणि स्तनाच्या कॅन्सरची जोखीम वाढवणारा. तो नेहमीच्या तपासणीत दिसत नव्हता म्हणून त्यासाठी वेगळी पीसीआर टेस्ट करावी लागते. अशा १२० च्या वर घटना शास्त्रीय लेखांत नोंदलेल्या आहेत.

आता सुटतो कसा? एक्झोममधे मशीनने वाचलेला तुकडा साधारण १०० ते १५० अक्षरांचा. अलू ३०० चा. म्हणजे एकही रीड अलूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. जे रीड्स सांध्यावर पडतात त्यांचा अर्धा भाग जीनशी जुळतो, अर्धा नाही. नेहमीचं सॉफ्टवेअर एका अक्षराचा बदल किंवा छोटं कमी-जास्त शोधायला बनवलेलं असतं, ते हा न जुळणारा अर्धा भाग बाजूला ठेवतं आणि पुढे जातं. रिपोर्टमधे ‘काही सापडलं नाही’ येतं. खरं तर तिथे कोणी शोधलेलंच नसतं! ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पालक निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे जेनेटिक कारण नाहीच असं समजून बसतात आणि वर्षं जातात.

म्हणून विचारायचं ते हे : रिपोर्टच्या शेवटी मेथड आणि लिमिटेशन्सचा छोट्या अक्षरातला भाग असतो, त्यात मोबाइल एलिमेंट इन्सर्शन (म्हणजे जम्पिंग जीन घुसणं) तपासली असं लिहिलंय का? नसेल तर जेनेटिक काउन्सेलरना सांगा की जुन्या डेटावरच ही तपासणी करता येईल का बघा. रक्त परत द्यावं लागत नाही. स्क्रॅम्बल, मेल्ट, मॉबस्टर अशी सॉफ्टवेअर्स आहेत, यातलं स्क्रॅम्बल खास एक्झोम आणि पॅनेलच्या डेटातले क्लिप झालेले रीड्स गोळा करून त्यात अलू, एल-वन, एसव्हीए शोधतं. डेटाची फाइल लॅबकडे ठरावीक काळच ठेवलेली असते, म्हणून ती मागून घेऊन ठेवा, बॅम किंवा फास्टक्यू म्हणायचं, नुसता रिपोर्टचा पीडीएफ नाही.

अपेक्षा किती ठेवायची तेही सरळ सांगतो. हजारो कुटुंबांचा एक्झोम डेटा अशा प्रकारे तपासला गेलाय आणि कारण सापडण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली निघालंय. पण ज्या घरात सापडतं त्या घरासाठी ते सगळं असतं, आणि डेटा आधीच हातात असताना न बघण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

दुसरं, एक्झोममधे इंट्रॉनच्या (दोन एक्झॉनच्या मधला डीएनए) खोल भागातलं दिसतच नाही कारण तो भाग पकडलेलाच नसतो. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे बॅटन आजार (लहान मुलांच्या मेंदूचा आनुवंशिक आजार) झालेली अमेरिकेतली एक मुलगी. तिच्या एमएफएसडी-८ जीनच्या एका कॉपीत म्युटेशन मिळालं होतं, दुसऱ्या कॉपीत काहीच मिळेना, आणि हा आजार व्हायला दोन्ही कॉपी बिघडाव्या लागतात. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधे टिमथी यू यांच्या गटाने होल जिनोम (अख्खा जिनोम वाचणं) करून बघितलं तेव्हा इंट्रॉनमधे सुमारे २ हजार अक्षरांचा एसव्हीए सापडला, त्यामुळे आरएनए चुकीच्या जागी जोडला जात होता. तो चुकीचा जोड झाकणारं २२ अक्षरांचं औषध, मिलासेन, त्यांनी बनवलं आणि २०१८ च्या सुरुवातीला दिलं. झटके कमी झाले. आजार मात्र तोवर बराच पुढे गेलेला होता आणि ती मुलगी २०२१ मधे गेली. हे मी मुद्दाम पूर्ण सांगतोय, अर्धं सांगून खोटी आशा दाखवायची नाहीये. पण ज्या आजारात एक म्युटेशन मिळालंय आणि दुसरं मिळत नाहीये तिथे होल जिनोमचा आग्रह धरा, हे मी कुणालाही सांगेन.

प्रश्न : सॉफ्टवेअरने अलू इन्सर्शन दाखवलं, हेटरोझायगस. पीसीआर लावला तर फक्त नॉर्मल बँड येतो, वरचा बँड नाहीच. फॉल्स पॉझिटिव्ह समजायचं का? (डायग्नॉस्टिक लॅबमधला टेक्निशियन)

एवढ्यात नको! हेटरोझायगस म्हणजे जीनच्या दोन कॉपींपैकी एकीतच अलू, म्हणून जेलवर दोन बँड यायला हवेत. पण तुमचा नॉर्मल बँड समजा २५० चा असेल तर अलूवाला शेपटीसकट ६०० च्या आसपास जाणार, आणि एकाच ट्यूबमधे छोटा तुकडा नेहमी मोठ्याला मागे टाकतो, ३० सायकलनंतर वरचा बँड इतका फिका पडतो की जेलवर दिसतच नाही. त्यात अलूमधे जीसी जास्त. एक्स्टेन्शनचा वेळ वाढवून बघा, जीसीवाला बफर वापरा, जास्त वेळ जेल पळवा. तरी नाही आला तर एक प्राइमर बाहेरच्या युनिक भागात आणि दुसरा थेट सांध्यावर, अर्धा जीनमधे अर्धा अलूमधे, असा मागवा. नुसता अलूच्या आतला प्राइमर लावू नका, १० लाख जागी बसेल. नॉर्मल कंट्रोल सोबत चालवायचा म्हणजे चालवायचाच.

मिळाला बँड तर सँगर सिक्वेन्सिंग दोन्ही बाजूंनी करा कारण पॉली-ए मधे शिरलं की पीक्स घसरतात आणि पुढचं वाचता येत नाही. आणि आईवडिलांचे सॅम्पल असतील तर ते त्याच प्लेटवर लावा. एल-वन पूर्ण लांबीची असेल तर हे सगळं विसरा, लाँग-रेंज किट लागेल.

प्रश्न : मेंदूतल्या प्रत्येक पेशीत वेगवेगळे जम्पिंग जीन्स असतात म्हणे, त्यामुळे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. खरं आहे का? (वाचक)

स्वभावाचं कोणीही सिद्ध केलेलं नाही. मेंदूतल्या पेशींत जन्मानंतर किंवा गर्भात वाढताना नवीन एल-वन घुसतात हे मात्र खरं आहे, भांडण आहे ते किती यावर, आणि ते टार्गेटेड सिक्वेन्सिंगच्या मर्यादा समजून घ्यायला फार उपयोगी आहे.

एका गटाने २०१५ साली एकेक न्यूरॉन घेऊन आरसी-सेक केलं आणि हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूचा आठवणींशी संबंधित भाग) दर न्यूरॉनमागे सरासरी १३.७ इन्सर्शन्स सांगितली. ख्रिस्तोफर वॉल्श यांच्या गटाने त्याआधी २०१२ मधे वेगळ्या पद्धतीने दर न्यूरॉनमागे ०.६ पेक्षा कमी सांगितली होती, आणि २०१६ मधे त्यांनी २०१५ वाल्या गटाचाच डेटा परत तपासून म्हटलं की यातली बरीचशी कायमेरा, म्हणजे दोन जागचे तुकडे चुकून जोडले गेलेले, आहेत. एकाच पेशीचा डीएनए लाखो पटीने वाढवताना अर्धवट कॉपी झालेला धागा सुटतो, दुसरीकडच्या एल-वनला चिकटतो आणि तिथून पुढे कॉपी होतो, झाला खोटा सांधा तयार. खोटा सांधा ओळखायचा कसा? वर दुसऱ्या प्रश्नात सांगितलेल्या खुणा. कायमेरामधे बहुधा नीट पॉली-ए शेपटी नसते, डुप्लिकेशन नसतं, आणि एकच बाजू मिळते. मला स्वतःला कमी आकडाच पटतो, दोन्ही बाजूंचे सांधे दाखवल्याशिवाय इन्सर्शन मोजू नये या मताचा मी आहे.

कॅन्सरमधे चित्र जास्त स्पष्ट आहे कारण तिथे एकाच पेशीपासून लाखो पेशी झालेल्या असतात, सिग्नल आपोआप मोठा होतो. १९९२ मधे आतड्याच्या कॅन्सरमधे एपीसी जीनमधे घुसलेली एल-वन सापडली, शेजारच्या निरोगी भागात ती नव्हती. २०२० मधे ३८ प्रकारच्या कॅन्सरचे २,९५४ जिनोम तपासले गेले, त्यात साधारण ३५ टक्के ट्यूमर्समधे अशी नवीन इन्सर्शन्स होती, अन्ननलिकेच्या, डोक्या-मानेच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधे सगळ्यात जास्त.

प्रश्न : आता लाँग रीड सिक्वेन्सिंग आलंय, अख्खा अलू एका रीडमधे दिसतो. मग या टार्गेटेड पद्धती जुन्या झाल्या ना? (बायोइन्फॉर्मॅटिक्समधे काम करणारा वाचक)

लाँग रीडने खूप सोपं झालंय यात शंका नाही. इन्सर्शन, शेपटी, दोन्ही बाजूचं डुप्लिकेशन सगळं एका ओळीत, आणि मुख्य म्हणजे जुन्या एल-वनच्या आत नवीन अलू घुसलेला असेल तर शॉर्ट रीडवर तो पत्ताच लागत नाही, लाँग रीडवर लागतो. एका माणसाचं निदान करायचं असेल आणि सोय असेल तर मीही लाँग रीड होल जिनोमच सांगेन.

पण टार्गेटिंग संपलं नाही, ते लाँग रीडवरच येऊन बसलंय. २०२१ मधे मिशिगन विद्यापीठातल्या गटाने दाखवलेली पद्धत बघा. आधी सगळ्या डीएनएच्या टोकांवरचे फॉस्फेट काढून टाकायचे, म्हणजे त्या टोकांना नॅनोपोरचा (लाँग रीड वाचणारं मशीन) ॲडॅप्टर चिकटू शकत नाही. मग कॅस-९ ला (गाइड आरएनए दाखवेल तिथे डीएनए कापणारं एन्झाइम) तरुण एल-वन, अलू आणि एसव्हीए ओळखणारे गाइड आरएनए देऊन कापायला लावायचं. आता फॉस्फेट असलेली ताजी टोकं फक्त तिथेच आहेत जिथे कॅस-९ ने कापलं, ॲडॅप्टर तिथेच बसतो, आणि रीड इन्सर्शनच्या आतून सुरू होऊन शेजारच्या डीएनएत हजारो अक्षरं जातो. पीसीआर नाही, म्हणून डीएनए वाढवताना तयार होणारी कायमेराही नाहीत. एका फ्लो सेलवर (मशीनमधे घालायची सिक्वेन्सिंगची चिप) जिनोमभरच्या तरुण कॉपींचा पत्ता मिळतो, जो होल जिनोमने काढायला कितीतरी जास्त डेटा लागला असता.

शंभर ट्यूमर्समधे दर शंभर पेशींत एखाद्या पेशीत असलेलं इन्सर्शन शोधायचंय असं काम असेल तर होल जिनोम तेवढ्या खोलीपर्यंत वाचणं परवडत नाही, तिथे हेच लागतं. फक्त एक लक्षात ठेवा, गाइड किंवा प्राइमर ज्या गटासाठी बनवलाय तोच गट दिसणार. वायबीसाठी बनवला तर वायए हा दुसरा तरुण अलू गट सुटणार, एल-वन एसीएसाठी बनवला तर थोडी जुनी पण अजून चालू असलेली कॉपी सुटणार. तुमच्या डेटात एसव्हीए शून्य दिसत असतील तर आधी गाइडची यादी उघडून त्यात एसव्हीए होता का ते बघा.